सार्थकला बघायला आलेल्या मॅडम

शाळेचा फोन वाजला की प्रेरणा आधी गॅस बंद करते आणि मग फोन उचलते. बोलणं संपलं की पायात चपला घालून निघावंच लागतं, हे तिला सवयीनं ठाऊक झालं आहे. श्रावणातल्या त्या सकाळीही तिनं तसंच केलं. कढईतली भेंडी अर्धी कच्ची राहिली. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं आणि ही नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करत होती. फोन ठेवून ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"काय केलं आता त्यानं?" मी विचारलं.

"वर्गातून पळाला. रस्ता खोदायला जेसीबी आलता म्हणं, तो बघायला पार गेटापर्यंत गेला." मग जरा थांबून म्हणाली, "दाखला काढून घ्या म्हणतात, आत्याबाई."

प्रेरणा माझी सून. सार्थक तिचा आणि माझ्या विश्वजीतचा मुलगा, नऊ वर्षांचा, चौथीत शिकणारा. आम्ही सिडकोत राहतो. विश्वजीत वाळूजला एका कारखान्यात आहे. सकाळी कंपनीच्या बसनं जातो तो संध्याकाळीच येतो. त्यामुळं शाळेचं बोलावणं आलं की प्रेरणा जाते, आणि कधी कधी सोबतीला मी.

सार्थकला काय झालं आहे ते आम्हाला उन्हाळ्यातच कळलं होतं. मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याला पुन्हा पुन्हा बोलावून, खेळवून, लिहायला लावून तपासलं आणि एडीएचडी आहे म्हणून सांगितलं. लक्ष एका जागी ठरत नाही, अंग एका जागी ठरत नाही, आणि मनात आलेलं तोंडावाटे बाहेर पडायच्या आधी थांबत नाही. त्यात लिहिताना हात मागं पडतो. "बुद्धी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "ही खोडी नाही. शाळेनं थोडी मदत केली तर पोरगं तरून जाईल." मदत म्हणजे काय तेही त्यांनी लिहून दिलं होतं. पुढच्या बाकावर बसवायचं, मधून मधून उठू द्यायचं, अभ्यास तुकड्या-तुकड्यानं द्यायचा, परीक्षेत जास्तीचा वेळ आणि लिहायला लेखनिक.

कागद शाळेत दिला होता. मुख्याध्यापिका तनुजा मॅडमांनी तो वाचलाही होता. पण जेसीबीच्या प्रकारानंतर त्यांनी विश्वजीत आणि प्रेरणाला बोलावून स्पष्ट सांगितलं. मूल गेटाबाहेर गेलं असतं आणि काही झालं असतं तर जबाबदार कोण? एका मुलामागं वर्गशिक्षिका किती धावणार? कागद बरोबर असेल, पण शाळेच्या विशेष शिक्षिका दीपमाला मॅडम घरी येऊन मुलाला बघतील. त्यांचा अहवाल आला की मदत द्यायची की दाखला, ते ठरवू.

जवळच्या दोन शाळांत विश्वजीतनं आधीच विचारून ठेवलं होतं. सगळी माहिती ऐकल्यावर दोन्हीकडं जागा भरल्या होत्या. म्हणजे ही शाळा गेली की पोरगं घरीच.

घरी बसलेलं पोरगं मी पाहिलेलं आहे. अजिंठ्याला मी तिसरीत होते तेव्हा वर्गात धोंडिबा नावाचा मुलगा होता. तो बसायचाच नाही. मास्तर त्याला पाणी आणायला पाठवायचे, घंटा वाजवायला लावायचे, कधी छडीनं झोडायचे. पाटी कोरी असायची, पण डोंगरातल्या सगळ्या वाटा त्याला पाठ. एक दिवस तो मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर गेला तो परत आलाच नाही. कुणी त्याला काढलं नव्हतं. कुणी बोलवायलाही गेलं नाही. पुढं बायका नदीवर धुणं धुताना तो दुसऱ्याच्या म्हशी घेऊन काठानं जाताना दिसायचा. आम्हाला हाका मारायचा आणि आम्ही हसायचो.

दीपमाला मॅडम रविवारी येणार असं ठरलं आणि घरात पाहुणे बघायला येणार असल्यासारखी धांदल सुरू झाली.

मी मुद्दामच हा शब्द वापरते. आमच्या घरांत कुणी बघायला येणार म्हटलं की एकच गोष्ट कळते: जे आहे ते झाकायचं आणि जे नाही ते पुढं मांडायचं. हे कुणी शिकवत नाही. प्रेरणानं सोफ्याचे अभ्रे बदलले. सार्थकनं खिळ्यानं कोरलेल्या टेबलावर टेबलक्लॉथ आला. त्यानं उघडून ठेवलेला जुना मिक्सर, घड्याळाचे काटे, स्क्रू भरलेला डबा, सगळं पलंगाखाली गेलं. विश्वजीतनं सकाळी उजाडता उजाडता त्याला बागेत नेऊन पळवून पळवून दमवून आणलं. मी बेसनाचे लाडू कबूल केले. वर बॅट.

"मॅडमसमोर हलायचं नाय," विश्वजीत त्याला बजावत होता. "हात मांडीखाली घेऊन बसायचं. विचारलं तेवढंच बोलायचं. कळलं का?"

"आणि नाक खाजलं तर?"

"नाय खाजवायचं."

"आणि लई खाजलं तर?"

"सार्थक!"

मग विश्वजीतनं खुर्ची उचलून भिंतीला लावली. खिडकी पाठीमागं येईल, रस्ता दिसणार नाही, अशी. तो खुर्ची सरकवत होता. अशीच भिंतीला लावलेली एक बसायची जागा मला आठवली. पण तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दीपमाला मॅडम तरुण होत्या. साध्या ड्रेसमध्ये, खांद्याला कापडी पिशवी. त्यांना पोहे दिले, शिरा दिला. सार्थक त्या खुर्चीत हात मांडीखाली घालून बसला होता. नाव सांगितलं, वर्ग सांगितला, आवडता विषय सांगितला. त्यांनी चार ओळी लिहायला सांगितल्या, त्या त्यानं लिहिल्या. बाहेरून कुल्फीवाल्याची घंटा गेली तरी त्यानं मान वळवली नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. आम्ही तिघंही अशा कौतुकानं बघत होतो की आता मला आमचीच दया येते.

मॅडम प्रेरणाला विचारत होत्या. जेवताना बसून जेवतो का? हो. अभ्यास एका बैठकीत करतो का? हो, करतो की. झोप? शांत. वस्तू फेकतो, रडतो, असं काही? नाही, नाही.

दारात चपला घालताना त्या थांबल्या. माझ्याकडं, मग प्रेरणाकडं बघून त्यांनी विचारलं, "तो नेहमी असाच असतो?"

"हो मॅडम, घरी शांतच असतो," प्रेरणा म्हणाली. विश्वजीतनंही मान डोलावली.

त्या जिन्यावरून दिसेनाशा झाल्या आणि सार्थक खुर्चीवरून खाली पडल्यासारखा उतरला. पलंगाखाली शिरला. तिथून जो आवाज आला तो रडण्याचा होता की ओरडण्याचा, मला अजून सांगता येणार नाही. प्रेरणानं त्याला बाहेर ओढलं तेव्हा त्यानं स्वतःच्याच मनगटाला चावा घेतला होता. मांड्यांवर नखं रुतल्याच्या लाल खुणा होत्या. एवढा वेळ तो आपल्याच हातांनी आपल्याला धरून बसला होता.

त्यानं लाडवाला हात लावला नाही.

अहवालात दीपमाला मॅडमांनी जे पाहिलं आणि जे ऐकलं तेच लिहिलं. मूल घरी शांत आहे, सांगितलेलं ऐकतं, बसून लिहितं. तनुजा मॅडमांनी फोनवर विश्वजीतला विचारलं, "घरी बसतो तर शाळेत का बसत नाही? म्हणजे मुद्दाम करतो असाच अर्थ झाला ना? मग हा शिस्तीचा प्रश्न आहे." पुढच्या आठवड्यात शेवटची भेट ठरली. येताना दाखल्याचा अर्ज सोबत आणा, असं त्यांनी सांगितलं.

सगळ्यात वाईट म्हणजे ते 'मुद्दाम' विश्वजीतच्याही डोक्यात शिरलं. त्या रात्री जेवताना सार्थक ताटाभोवती फिरत एकेक घास घेत होता, रोजच्यासारखा. विश्वजीत ओरडला, "त्या दिवशी बसला होतास ना तासभर? मग रोज काय धाड भरती?"

सार्थक थांबला. मग हळूच बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी मागून गेले. तो गजांत कपाळ घालून खालच्या रिक्षा बघत होता.

"आजी," तो म्हणाला, "मी मुद्दाम करतो का?"

तेव्हा मी त्याला भिंतीला लावलेल्या त्या दुसऱ्या जागेची गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

मी लहान असताना माझा डावा कान फुटला. आठवडेच्या आठवडे वाहत होता. लसणाचं तेल घातलं, कसला कसला रस घातला. वाहायचा थांबला, पण त्या बाजूचं ऐकू येणंही थांबलं. माझ्या मायनं, आवडाबाईनं, मला ताकीद दिली की ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. पुढं वैजापूरचे पाहुणे मला बघायला आले. मायनं पहाटेच माझा पाट डावीकडच्या भिंतीला चिकटवून मांडला, म्हणजे त्या बाजूला कुणाला बसताच येणार नाही. पाहुण्यांनी नाव विचारलं, सुईत दोरा ओवायला लावला, धडा वाचायला लावला. मी सगळ्याला नीट उत्तरं दिली. पाहुणे म्हणाले, पोरगी हुशार आहे.

लग्न झालं. पण सासरचं घर काही भिंतीला टेकून चालत नाही. सासूबाई चुलीपाशी माझ्या डाव्या हाताला बसायच्या. त्या हाक मारायच्या आणि मी काम करत राहायचे. "लई ताठ हाये," त्या शेजारणीला सांगायच्या. "ऐकून न ऐकल्यावाणी करती. मुद्दाम." सणाला जावा-नणंदा जमल्या की एका बाजूचं हसणं माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. मी गप्प बसायचे आणि ते गप्प बसणंही माझ्या नावावर मांडलं जायचं. एका शब्दानं सगळं मिटलं असतं. पण बघायच्या दिवशी जे झाकलं ते नंतर उघडायचं कसं? उघडलं तर मायनं फसवलं असं झालं असतं.

माझे यजमान, रामकिसनराव, त्यांना कळलं होतं की नाही, मला शेवटपर्यंत समजलं नाही. पण ते बोलायचे ते नेहमी उजवीकडून.

सार्थकला एवढं सगळं सांगितलं नाही. कान आणि पाट, एवढंच सांगितलं. तो कधी नव्हे तो न हलता ऐकत होता. मग म्हणाला, "थांब." तो माझ्या डावीकडं गेला. ओठ हलताना मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले. मग धावत उजवीकडं आला.

"काय म्हणलो सांग."

"मला काय ठाऊक!"

"म्हातारी चेटकीण म्हणलो." आणि तो खदखदून हसला. मीही हसले. मग एकदम गंभीर होऊन त्यानं विचारलं, "मग तूबी मुद्दाम नव्हती करत?"

"नाही रे बाबा."

"मग सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, "कुणाला सांगू नको हं."

भेटीच्या दिवशी विश्वजीतनं रजा टाकली. मी येते म्हटल्यावर तो म्हणाला, "तू कशाला आई, तुझे गुडघे." पण मी गाडीत जाऊन बसले होते. वाटेत सार्थकनं मागच्या सीटवर माझा पदर ओढला आणि कानात, बरोबर उजव्या कानात, विचारलं, "आजी, आज कसं बसायचं? मॅडम घरी आल्या होत्या तसं, का खरं?"

समोरच्या आरशात प्रेरणाचा चेहरा मला दिसत होता. तिनं ते ऐकलं होतं.

तनुजा मॅडमांच्या खोलीत मोठं टेबल होतं. आम्ही एका बाजूला बसलो. तनुजा मॅडम समोर, दीपमाला मॅडम टेबलाच्या कडेला, माझ्या डाव्या हाताला. सार्थकसाठी खुर्ची होती, पण तो तिच्या पाठीला धरून उभा होता आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होता.

विश्वजीतनं सुरुवात केली. "मॅडम, यापुढं तक्रार येणार नाही. मी शब्द देतो. तो बसतो मॅडम. ठरवलं तर बसतो."

"तेच तर आम्ही म्हणतोय," तनुजा मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, दमलेला होता. "ठरवलं तर बसतो. मग ठरवत का नाही? माझ्याकडं बाकीच्या मुलांचे पालक येतात हो. त्यांना मी काय उत्तर देऊ?"

मग काही क्षण सगळेच माझ्याकडं बघू लागले. मला कळेना का. मी उगाच हसल्यासारखं केलं.

"दीपमाला मॅडम तुला विचारतायत," विश्वजीत जरा ओशाळून म्हणाला. "आई, लक्ष कुठंय तुझं?"

"तिला तिकडून ऐकूच येत नाही!" सार्थक मोठ्यानं म्हणाला. "तिचा डावा कान फुटलेला आहे. लहानपणीच. तुम्ही इकडून बोला, या बाजूनं. ती मुद्दाम नाही करत." आणि लगेच त्यानं तोंडावर हात ठेवला. "आजी, चुकून निघालं."

तनुजा मॅडमांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आई?" विश्वजीत म्हणाला.

"खरं आहे," मी म्हटलं. इतकी वर्षं जिभेखाली धरून ठेवलेलं ते दोन शब्दांत बाहेर पडलं. मला मोकळं वाटलं नाही, भीतीच वाटली. सुनेसमोर, परक्या बायकांसमोर, उघडं पडल्यासारखं झालं.

दीपमाला मॅडम खुर्चीवरून उठल्या, फिरून माझ्या उजवीकडं आल्या आणि विचारलेलं पुन्हा विचारलं. "आजी, मी विचारत होते की त्या रविवारी मी येण्याआधी घरी काय काय केलं होतं तुम्ही?"

मी प्रेरणाकडं बघितलं. सांगायचं असेल तर ते तिनं सांगायला हवं होतं. आई ती आहे.

पण दीपमाला मॅडमच सार्थककडं वळल्या. "तू दाखव. कसा बसला होतास?"

सार्थक खुर्चीत बसला. दोन्ही हात मांड्यांखाली कोंबले, ओठ आत घेतले, श्वास धरला. गाल लाल झाले. मग फुस्सकन श्वास सोडून म्हणाला, "असं. मग पोटात दुखलं. मग मी पलंगाखाली गेलो."

तेव्हा प्रेरणा बोलायला लागली. खाली बघून, एका सुरात. तो बसून जेवत नाही. एका ओळीला अर्धा तास लागतो. पेन्सिल मोडतो, वही फाडतो, मग स्वतःच वही चिकटवत रडतो. झोपेतही पाय हलतात. वाढदिवसाला कुणी बोलवत नाही. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर त्यानं स्वतःला चावून घेतलं. तिनं बाही सरकवून त्याचं मनगट दाखवलं. खूण पुसट झाली होती. "मी खोटं बोलले मॅडम. मला वाटलं, चांगला दिसला तर ठेवून घ्याल."

हे सगळं सार्थकच्या समोर चाललं होतं. तो झुलायचा थांबला होता. आपल्या आईच्या तोंडून आपली एकेक उणीव ऐकणारं मूल कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. मदत मागायची तर हे असं मांडावं लागतं, आणि ते मांडताना ज्याच्यासाठी मागायचं त्यालाच दुखतं. यातून दुसरी वाट असेल तर मला ठाऊक नाही. प्रेरणाचं बोलणं संपलं तेव्हा तो तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "मम्मी, वही एकदाच फाडली होती. दुसऱ्यांदा ती आपोआप फाटली."

तनुजा मॅडमांनी दाखल्याचा अर्ज बाजूला सरकवला. फाडला नाही, फक्त सरकवला. "दीपमाला मॅडम पुन्हा येतील," त्या म्हणाल्या. "कळवून येणार नाहीत. त्यानंतर ठरवू."

परत येताना जालना रोडवर गर्दी होती. विश्वजीत गाडी चालवत होता. आकाशवाणी चौकाच्या सिग्नलला तो म्हणाला, "आई, मी चौथीत होतो तेव्हा मला भाषणात पहिला नंबर आलता. वैजापूरला. मी पळत घरी आलो. तू अंगणात ज्वारी पाखडत होतीस. मी मागून येऊन सांगितलं. तू बघितलंबी नाही माझ्याकडं."

मला तो दिवस आठवत नव्हता.

"मला वाटायचं, तुला काय नाय त्याचं."

"कोणत्या बाजूनं आलतास?" मी विचारलं.

तो विचार करत राहिला. सिग्नल सुटला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. "डावीकडून असंल," तो म्हणाला आणि गाडी पुढं घेतली.

गौरी-गणपती झाल्यावर एका संध्याकाळी बेल वाजली. दार मी उघडलं. दीपमाला मॅडम. विश्वजीत नुकताच येऊन बूट काढत होता. प्रेरणाचे हात कणकेत होते. घरभर स्क्रू, मिक्सरचं पोट उघडं, दोरीवर कपडे. सार्थक सोफ्यावर डोकं खाली आणि पाय भिंतीवर करून कसलंतरी ट्रकचं पुस्तक वाचत होता.

प्रेरणाचा कणकेचा हात सोफ्यावरच्या टॉवेलकडं गेला आणि मध्येच थांबला. तिनं तो टॉवेल तसाच राहू दिला. मॅडम दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. "तुमचं चालू द्या," म्हणाल्या.

मग अभ्यासाची वेळ झाली. सार्थक एक शब्द लिहायचा आणि टेबलाला एक फेरी मारायचा. दोन शब्द झाले की बाल्कनीत. चौथ्या ओळीला अक्षर वाकडं आलं म्हणून त्यानं ते खोडलं, पान फाटलं, त्यानं पेन्सिल भिरकावली आणि जमिनीवर पडून लाथा झाडू लागला. विश्वजीत अर्धवट उठला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो बसला. बघू द्यायचं, एवढंच करायचं होतं, आणि त्यापेक्षा अवघड कामं मी आयुष्यात फार थोडी केली आहेत.

बऱ्याच वेळानं सार्थक उठला, पेन्सिल शोधून आणली आणि उभ्यानंच पाचवी ओळ लिहिली.

दारात चपला घालताना मॅडमांनी विचारलं, "तो नेहमी असाच असतो?"

"हो," प्रेरणा म्हणाली. "नेहमी."

वार्षिक परीक्षेपर्यंत त्याला ठेवायचं ठरलं. पुढचं पुढं बघू, असं तनुजा मॅडम म्हणाल्या. लेखनिक मिळाला, वरच्या वर्गातला एक मुलगा आहे. परीक्षेला वेगळी खोली आणि जास्तीचा वेळ. आठवड्यातून दोनदा दीपमाला मॅडम त्याला घेऊन बसतात, म्हणजे फिरतात. वर्गशिक्षिकांना सगळं पटलं आहे असं नाही. डबे खाताना त्याच्या शेजारी अजून कुणी बसत नाही. फोन अजून येतात. प्रेरणा अजून आधी गॅस बंद करते.

दिवाळीनंतर एकदा सार्थक छत्री विसरला म्हणून ती द्यायला मी शाळेत गेले. अवकाळी पावसाचे दिवस होते. त्याचा वर्ग चालू होता. मी व्हरांड्याच्या खांबाआड उभी राहिले. त्याचा बाक आता पहिल्या रांगेत आहे, पण भिंतीकडं नाही. दाराला लागून आहे. दीपमाला मॅडमांनी तसा मागून घेतला.

मी बघत असतानाच तो उठला. बाईंनी फळ्याकडंच तोंड ठेवलं. वर्गातल्या पोरांनीही मान वर केली नाही. तो व्हरांड्यात आला, माझ्याकडं पाठ होती, पलीकडच्या नळापर्यंत उड्या मारत गेला. पाणी प्याला. डोक्यावर थोडं ओतून घेतलं. गेट तिथून सरळ समोर दिसत होतं, उघडं होतं, आणि बाहेर रस्त्यावरून एक ट्रक चालला होता. तो थांबून ट्रककडं बघत राहिला. मला नदीचा काठ आणि म्हशींमागं चालणारा धोंडिबा दिसायला लागला.

ट्रक गेला. सार्थक वळला, ओल्या डोक्यानं चालत वर्गात गेला, आणि बाकावर बसला.